वहीवरचं नाव

कमलनगरच्या एका शाळेत मी संगीत शिकवते आणि तिथला वाद्यवृंद चालवते. सहा व्हायोलिन, चार बासऱ्या, दोन पेट्या आणि लग्नाच्या बँडवाल्यांकडून मागून आणलेलं एक क्लॅरिनेट. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही माझ्या शेजारच्या काकूंची रचना वाजवली. आळंदला माहेरी असताना, लग्नाआधी, त्यांनी ती अख्ख्या वृंदासाठी बांधली होती. कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते सगळं सारेगमात वहीत लिहिलेलं. इतक्या वर्षांत ती कुणी वाजवलीच नव्हती. आणि पत्रिकेत छापलं काय, तर 'रचना : पारंपरिक'!

माझं डोकंच फिरलं. तडक मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, कामून असं?"

"अहो, बायकांच्या चाली पारंपरिकच असतात की!"

पेटीच्या मास्तरांनी बांधलेल्या स्वागतगीतापुढं मात्र त्यांचं नाव, तेही पदवीसकट. काकू हसून म्हणाल्या, "जाऊ दे गं. वाजली न्हवं, झालं." पण त्यांनी ती पत्रिका तीनदा उलटून पाहिली होती, ते मी बघितलं होतं.

यंदा तीच रचना पुन्हा घेतली आणि मी हटूनच बसले. माईकवरून काकूंचं नाव सांगणार नसाल तर वृंद वाजणार नाही म्हणाले. सर वैतागले. "बरं बाई, लिहून द्या." मी घाईघाईत वहीच्या पुठ्ठ्यावरचं नाव जसंच्या तसं उतरवून दिलं.

ते माईकवर ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अगं बाई, हे तर काकूंचं माहेरचं नाव! लग्नात ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं, तेव्हापासून इथं सगळे त्यांना त्याच नावानं ओळखतात. मैदानातले लोक माना वळवून बघायला लागले, ही कोण म्हणून. वर्षभर भांडले, आणि ऐन वेळी माझ्याच हातानं काकूंना पुसून टाकलं. एकदा विचारायचं तरी होतं!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. सुनेनं त्यांचा पदर धरला. "आत्या, बसा की. दुसऱ्याच कुणाला तरी बोलवायलेत."

"न्हाई गं," काकू म्हणाल्या. "मलाच बोलवायलेत."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. त्या मंचावर येऊन खुर्चीत बसल्या, टाळ्या झाल्या, आणि आम्ही वाजवलं. क्लॅरिनेट एका ठिकाणी घसरलं. ते काकूंशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या पायाशीच बसले. "काकू, नाव चुकलं माझ्याकडून."

"चुकलं कुठं? चाल तिचीच हाय. लग्नानंतर मी एकबी बांधली न्हाई." मग माझ्यापुढं हात केला. "वही दे इकडं. मागची पानं कोरी हायत."