टबात बुडालेली गाडी

बालवाडीच्या शिक्षिकांना विज्ञान शिकवायला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचा एकच नियम होता: मुलांना सरळ उत्तर द्यायचं नाही. पोराने विचारलं, हे बुडेल का, तर म्हणायचं, "तुला काय वाटतं?" नवख्या शिक्षिकांची भंबेरी उडे. उत्तर सांगून मोकळं व्हायची खोड बहुतेकींना असतेच. मग मोठ्या बाई अशा काही बघत की बोलणारीची दातखीळ बसे.

त्यांची मदतनीस, जिला सगळे धाकटी म्हणत, तिने याच नियमापायी पहिल्या वर्षी रडून डोळे सुजवले होते. त्याला वीस वर्षं झाली. आता ती वर्गाआधी टब भरी, बुचं, खिळे, लिंबू मांडी. आणि गेले काही महिने, आज काय शिकवायचं तेही बाईंच्या वहीत गुपचूप लिहून ठेवी. बाई विसरू लागल्या होत्या. लोहचुंबक उचलून त्या विचारत, याला काय म्हणतात? वर्ग हौसेने उत्तर देई. बाईंना ते खरंच आठवत नाही, हे एकट्या धाकटीला कळे. प्राचार्यांना सांगावं तर वर्ग जाणार, आणि वर्ग गेला की बाईंना घरी होतं कोण? चार भिंती. धाकटी गप्प बसली. चुकलंच तिचं.

त्या दिवशी टेबलावर बटणांची खेळगाडी होती. बाण दाबायचे, तशी ती वळते. यंत्राला सूचना कशा द्यायच्या ते मुलांना शिकवायला आणलेली, अख्ख्या प्रशिक्षण केंद्रात एकुलती एक. बाईंनी ती उचलली आणि विचारलं, तरंगेल की बुडेल? वर्गात दोन तट पडले. धाकटी धावेपर्यंत गाडी पाण्यात गेली. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. शिक्षिकांनी टाळ्या पिटल्या. एक म्हणाली, प्रयोगापायी एवढी महागाची वस्तू बुडवायला छाती लागते. बाई आपल्या ओल्या हाताकडे बघत होत्या.

सगळ्या गेल्यावर धाकटी गाडी पुसत बसली. बाई शेजारी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर टेकल्या.

"काय होतं गं ते?"

तुम्हाला काय वाटतं, हे सवयीने धाकटीच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"गाडी होती, बाई. बटणं दाबली की चालायची. तुम्हाला हल्ली आठवत नाही. मी आज प्राचार्यांना सांगणार आहे."

आता ती नजर येईल म्हणून धाकटी मान खाली घालून थांबली. बाईंनी फडक्याचं दुसरं टोक धरलं आणि त्याही गाडी पुसू लागल्या.