वहिनीला न सांगितलेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांच्यापासून मी लपवून लपवून काय लपवते, तर शुगर असताना खाल्लेला एखादा रसगुल्ला.

हे कस्टममध्ये. चार वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी सांगलीहून कोलकात्याला, आमच्या खिदिरपूरच्या क्वार्टरमध्ये आठ दिवस राहायला आले होते. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता दादाच्या हातातला कप निसटला, तोंड वाकडं झालं. मेंदूत रक्तस्राव. वाचला तो. पण वहिनीला हिंदीही धड येत नाही, आणि डॉक्टर बोलायचे निम्मं इंग्रजीत, निम्मं बंगालीत. ते बोलले की मी मराठीत सांगायचे आणि वहिनी माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म दाखवली. रक्तवाहिन्यांचे छोटे छोटे गुच्छ — एक नाही, कितीतरी. म्हणाले, हे बहुतेक घराण्यातून आलंय, मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलाचा एमआरआय करा. डोकेदुखी, झटका, काहीही अंगावर काढू नका. आणि दिदी, तुम्ही सख्ख्या बहीण, तुम्हीही तपासून घ्या.

वहिनीनं विचारलं, काय म्हणाले हो?

मी सांगितलं, गोळ्या वेळेवर द्यायच्या, मीठ कमी.

का? माझ्या ईराचं लग्न ठरत होतं. स्थळ सांगलीचं, वहिनीनंच आणलेलं. आणि वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. घराण्यात असलं काही आहे हे चार दिवसांत तिकडे पोचलं असतं. लग्न होऊ दे, मग सांगू, असं म्हटलं. लग्न झालं. मग मी गुपचूप माझा एमआरआय करून आले. काही निघालं नाही, म्हणजे ईरालाही भीती नाही. देवापुढे साखर ठेवली. तेव्हा दादाचा निरंजन आठवला नाही का? आठवला. खोटं कशाला बोलू? पण आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार — तेवढं धैर्य कुठून आणायचं?

मागच्या वर्षी वहिनी फोनवर म्हणाली, निरंजनचं डोकं फार दुखतं हल्ली. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. अगदी सहज म्हटलं. फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. परत तिचा नंबर लावला — आणि रिंग जायच्या आत बंद केला.

श्रावणात निरंजन पुण्याला ऑफिसात कोसळला. तेच. सत्तावीस वर्षांचा मुलगा. उजवा हात उचलत नाही, आईला हाक मारायची तर शब्द सापडत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीला सगळं समजावून सांगितलं. मराठीत.

त्याच दुपारी तिचा फोन आला.

"वन्सं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मुलाबद्दल काही सांगितलं होतं का हो? मला तर काहीच आठवत नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तेच म्हटलं मी ह्यांना," वहिनी म्हणाली. "सांगितलं असतं तर वन्संनी मला सांगितलंच असतं."

मी "हो" म्हटलं.