फॉर्मवर नाव लिहू नये

मी ज्या कंपनीत काम करते ती मोठी आहे. किती मोठी, हे मलाही नीटसं माहीत नाही. हेड ऑफिस पुण्याला, कारखाने कुठे कुठे पसरलेले, आणि त्यातला शर्ट शिवण्याचा एक अमरावतीच्या एमआयडीसीत. मालकाला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. प्रत्येकाच्या वाढदिवसाला मात्र त्यांच्या सहीचा मेल न चुकता येतो, आणि ज्यांना मेल नाही त्यांच्यासाठी मी तो छापून नोटीस बोर्डावर लावते. कर्मचारी विभागातलं माझं हे एक काम. अकोल्याची मुलगी अमरावतीत खोली घेऊन राहते, म्हणून माझे बाबा मला फोनवर अजूनही "काय म्हणतं परदेश?" असं विचारतात. अंतर दोन-अडीच तासांचं आहे.

नोकरीला पाचेक महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते, तेव्हा पुण्याहून एक गठ्ठा आला. कर्मचाऱ्यांना कंपनी कशी वाटते ते विचारणारे फॉर्म. प्रश्न दोनच. कंपनीत काय आवडतं? काय आवडत नाही? आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: फॉर्मवर नाव लिहू नये.

ही माझी पहिली स्वतंत्र जबाबदारी. मी कॅन्टीनमध्ये उभी राहून तीनदा समजावून सांगितलं. मोकळेपणानं लिहा, कोणी काय लिहिलं ते कोणालाही कळणार नाही, नाव तेवढं लिहू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या भागात मान डोलावली म्हणजे ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. पटलं, असा कोणी घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी फॉर्म टाकायच्या पेट्या उघडल्या आणि मी दुपारभर एकटीच हसत बसले. एकाला गोदामाचं काम आवडत होतं, कारण मे महिन्यात अख्ख्या कारखान्यात गार जागा तेवढीच. एकीला ओळखपत्र आवडत होतं; ते गळ्यात असलं की नणंद जरा नीट बोलते. कॅन्टीनच्या वरणाबद्दल एकाच मजकुराचे कितीतरी फॉर्म होते, की त्यात डाळ शोधावी लागते. एकानं लिहिलं होतं, "वाढदिवसाले मेल येते, मानूस येत नाही." हा फॉर्म मी दोनदा वाचला.

पण खरी गंमत खाली होती. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर नाव. नुसतं नाव नाही, बापाचं नाव, आडनाव, गाव. काहींनी मोबाइल नंबर दिला होता. परतवाड्याच्या एकानं तर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा सगळं लिहून वर "आपला नम्र" जोडलं होतं. चारशेच्या वर फॉर्म, त्यांत बिननावाचे फक्त अकरा. ते अकरा आमचे होते, एसीत बसणाऱ्यांचे. त्या सगळ्यांवर "सर्व उत्तम" असं काहीतरी होतं. माझ्याही.

त्या ढिगात टेबल चारवरच्या मावशींचा फॉर्म सापडला. शिवून झालेले शर्ट त्यांच्या टेबलावर येतात. शर्ट उलटा करायचा, कॉलर, कफ, शिलाई पाहायची, सुटलेला दोरा कापायचा, पुढचा घ्यायचा. हे काम पूर्ण पाळी उभं राहून करायचं असतं, कारण बसलं की हात मंदावतात असा नियम आहे. हा नियम कोणीतरी खुर्चीत बसूनच केला असणार. मावशी चांदूर रेल्वेहून कंपनीच्या बसनं येत. माझ्या पहिल्या दिवशी मी डबा विसरले होते, तेव्हा ओळखदेख नसताना त्यांनी अर्धी भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला होता. सगळे मला मॅडम म्हणत, त्या सरळ 'पोरी' म्हणत.

त्यांचं अक्षर गोल आणि सुबक होतं. "आवडते: बस येळेवर येते. संगच्या बाया चांगल्या हायेत. शर्ट पाहाले मले आवडते. नाही आवडत: उभं राहनं. टोंगये गेले. एक स्टूल पाह्यजे. पोयालोक पाहीन, नाही तं काम सोडीन." खाली पूर्ण नाव आणि सही.

टोंगये म्हणजे टोंगळे, गुडघे. पोयालोक म्हणजे पोळ्यापर्यंत, आणि पोळा दीड महिन्यावर आला होता. मावशी बोलतात तसं करतात हे सगळा कारखाना जाणून होता. त्या गेल्या तर मला 'पोरी' म्हणणारं कारखान्यात कोणी उरणार नव्हतं.

फॉर्मवर नावं आहेत हे मी पुण्याला कळवलं, तेव्हा हेड ऑफिसातल्या कर्मचारी विभागाच्या मॅडमचा फोन आला. आवाज गोड, म्हणणं पक्कं. "नावं असलेले फॉर्म आम्हाला धरता येणार नाहीत. प्लीज, पुन्हा भरून घ्या. नाहीतर तुमच्याकडचे अकराच ग्राह्य धरू." म्हणजे अमरावतीचा कारखाना सर्वतोपरी सुखी ठरणार आणि मावशींचं स्टूल रद्दीत जाणार.

जेवणाच्या सुट्टीत मी कोरे फॉर्म घेऊन टेबल चारच्या बायकांत जाऊन बसले. मावशींनी कोरा फॉर्म उलटसुलट करून पाहिला, शर्ट पाहतात तसा.

"आता काहून अजून?"

"मावशी, नाव चालत नाही म्हणतात. नाव न लिहिता तेच पुन्हा लिहा."

"नाव नाही लिवलं तं स्टूल कोनाले द्याचं हे त्यायले कसं समजन?"

मनुष्यबळ विकासाचं दोन वर्षांचं शिक्षण घेतलं होतं मी, त्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

"अहो, नाव लिहिलं तर साहेब राग धरतील, त्रास देतील, म्हणून असतं ते. तुमच्याच भल्यासाठी."

"मी का चोरी केली?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "माह्या मायले सही येत नव्हती. अंगठा देये ते. बापानं मले शायेत कायले घातलं? नाव लिवता याले पाह्यजे म्हनून. आता तू म्हनते लिवू नोको."

बाजूच्या बाया हसल्या, मावशी हसल्या नाहीत. मी फॉर्म गोळा करून परत आले. एकीनंही तो भरला नव्हता.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते अकोल्यात शिक्षक होते, जन्म शाळेत गेला. म्हणाले, "बिननावाची चिठ्ठी आली की आमचे हेडमास्तर न वाचताच फाडायचे. बरोबर बोलली ती बाई." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू लिहिलं का नाव तुझं?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय. नेटवर्क अगदी ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक कोरा फॉर्म स्वतःसाठी घेतला. काय आवडतं, यात लिहिलं: इथली माणसं, जी तोंडावर बोलतात. काय आवडत नाही, यात लिहिलं: पहिल्या फॉर्मवर मी 'सर्व उत्तम' लिहिलं ते, आणि टेबल चारच्या मावशींना स्टूल नाही ते. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. तो सगळ्यांत वर ठेवून जुना गठ्ठा जसाच्या तसा पुण्याला परत पाठवला. आता आपल्याला काही कंपनी कायम करत नाही, असं मनाशी धरून चालले.

आठवडाभर काही नाही. मग पुण्याच्या मॅडम स्वतःच आल्या. मला वाटलं, आली आपली पाळी. पण त्यांनी विचारलं, "टेबल चार कुठे आहे?"

मावशींनी मान वर केली, जयभीम घातला आणि हातातली कॉलर तपासून संपवली. मॅडमनी त्यांना नेमका त्रास काय ते विचारलं.

"सांगून काय समजन मॅडम? एक घंटा उभ्या राहून पाहा ना."

आमचे फ्लोअर मॅनेजर एकदम खोकायला लागले. पण मॅडम खऱ्याच दिलदार निघाल्या. पर्स माझ्या हातात दिली, बाह्या वर सारल्या आणि उभ्या राहिल्या. मावशींनी शर्ट कसा उलटायचा ते दाखवलं. दहा मिनिटांत मॅडमना ते जमायला लागलं, त्या खूशही झाल्या. विसाव्या मिनिटाला त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. अर्ध्या तासानं सँडल काढल्या. पाऊण तास झाला असेल नसेल, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "मावशी, बसायला काही मिळेल का?"

टेबलावरचे सगळे हात थांबले. मावशींचा तेवढा चालू होता.

"नाही भेटत इथं," त्या म्हणाल्या. "थेच तं लिवलं होतं."

पहिल्यांदा हसल्या त्या मॅडमच. मग टेबल चार हसलं, मग तीन, पाच, आणि काय झालं हे ज्यांना माहीतच नव्हतं ती शिलाईची लाइनसुद्धा. मी पर्स पोटाशी धरून हसता हसता रडत होते.

पोळ्याच्या चार दिवस आधी टेम्पो आला. स्टीलच्या पायांची उंच स्टुलं, सगळ्या चेकिंग टेबलांसाठी. बाकीच्यांनी ती पटापट ओढली. मावशींनी आपलं आधी हलवून पाहिलं, डुगडुगत नाही याची खात्री केली आणि पदर सावरून बसल्या. काही क्षण हात मांडीवर तसेच ठेवले. मी शेजारी उभी होते. काहीतरी मजेशीर बोलतील म्हणून वाट पाहत होते.

"सात वर्सं," त्या म्हणाल्या, "येवढ्याच्यासाठी उभी होतो मी?"

त्यांनी शर्ट ओढला, उलटा केला, कॉलर पाहिली आणि पुढचा घेतला.