पिपलानीतले घाबरट संशोधक

पीएच.डी. करणाऱ्यांच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. झेरॉक्सचे गठ्ठे आणि घाबरल्याच्या आठवणी. झेरॉक्स निदान रद्दीत जातात. आठवणींचं काय करणार? मग रविवारी हिंदी मुलखातल्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये पोह्यांबरोबर त्या बाहेर यायच्या. माझे मिस्टर कारखान्यात इंजिनीअर, मी लहान मुलांच्या भीतीवर संशोधन करणारी. पोह्यांना जमणाऱ्या बाकी तिघांचे विषय एकमेकांपासून कोसभर लांब. पण भीती सगळ्यांची सारखीच!

*

देशमुखचा विषय समुद्राच्या लाटा. मूळचा नागपूरचा, राहायला जवळच्याच आनंद नगरात. समुद्र त्याने फक्त कॉम्प्युटरवर पाहिलेला! एकदा मात्र खरोखरच्या जहाजावर जायची संधी आली. दुसऱ्याच दिवशी वादळ. जहाज असं कलायचं, की खिडकीत एकदा नुसतं आकाश, एकदा नुसतं पाणी. देशमुख खाटेचा दांडा घट्ट धरून रामरक्षा म्हणत होता. तेवढ्यात एक खलाशी भिंतीला धरत धरत आत आला. तोही पांढराफटक पडलेला. म्हणाला, "सर, आप तो लहरों के डॉक्टर हैं. ये कब रुकेंगी?"

देशमुख रडकुंडीला येऊन म्हणाला, "भैया, मैंने तो सिर्फ शांत समुंदर पर काम किया है!"

*

नलिनी वैद्य इंदूरची. तिचा विषय वटवाघळं. एका पडक्या इमारतीत भिंतीच्या फटीत तिने हात घातला आणि आतून काहीतरी कडकडून चावलं. काय चावलं ते दिसलंच नाही. वटवाघूळ, उंदीर की आणखी काही? डॉक्टर म्हणाले, "पता नहीं है, तो रेबीज की सुई तो लगेगी."

इंजिनं सुरू झाली, की बाई शांत होईल असं आम्हाला वाटलं. म्हणजे इंजेक्शनं हो! कारखान्याशेजारी राहून जीभही तशीच वळते. पण नलिनी कसली शांत होतेय! रेबीज झालेला माणूस पाण्याला घाबरतो, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"पाण्याचा ग्लास समोर आला, की मी स्वतःला विचारायचे, नलू, भीती वाटतेय का?"

"मग?"

"वाटायची ना!"

*

माझ्या व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक अतिशय कडक. मी खोलीत शिरून खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकले. त्यांनी चष्म्यावरून पाहत पहिलाच प्रश्न टाकला, "आपका नाम?"

मी माझ्या गाइडचं नाव सांगितलं. मिशीवाल्या, साठीला आलेल्या माझ्या गाइडचं! परीक्षकांनी शेजारी बसलेल्या गाइडकडे बोट केलं, "तो फिर ये कौन हैं?"

सर गंभीरपणे म्हणाले, "अब मुझे भी शक हो रहा है."

*

कानिटकर ग्वाल्हेरचा. धातूला तडे कसे जातात, हा त्याचा विषय. त्यामुळे त्याला पंखा, पूल, पाळणा, सगळ्याचीच धास्ती! एकदा सिटी बसमध्ये त्याला खालून 'टक् टक्' ऐकू आलं. हा घामाघूम. धावत ड्रायव्हरपाशी गेला, "गाड़ी रोको! एक्सल टूट रहा है!"

कंडक्टर वैतागला, "अरे साब, ये आवाज तो बरसों से आ रही है!"

"बरसों से?" कानिटकरच्या तोंडचं पाणीच पळालं. "म्हणजे आता कधीही!"

तो मराठीत बोलला होता. पण त्याचा चेहरा बघून अख्खी बस खाली उतरली.

*

हाच कानिटकर माझ्या अभ्यासात 'अनोळखी माणूस' झाला होता. बालवाडीच्या एका खोलीत आई आणि मूल खेळत बसायचं. मग आई उठून बाहेर जायची आणि आत हा, धिप्पाड अनोळखी माणूस, येऊन गप्प बसायचा. मूल काय करतं, ते मी दाराच्या जाळीतून बघायचे. मूल रडलं, की आई लगेच आत. आणि रडायचं प्रत्येक मूल!

एक दिवस तो आला तो चुरगळलेल्या शर्टात. "बरं नाही का?" विचारलं, तर म्हणाला, "काही नाही वहिनी, करू या." त्याच्या आईला सकाळीच साकेत नगरच्या इस्पितळात हृदयाच्या ऑपरेशनला आत नेलं होतं. भाऊ तिथे थांबला होता. याला त्या बंद दारासमोर बसवेना, म्हणून स्कूटर काढून इकडे आला. हे आम्हाला संध्याकाळी कळलं, ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आल्यावर.

त्या दिवशी बालवाडीच्या खोलीत होती गुड्डी. जेमतेम तीन वर्षांची. आई बाहेर गेली, कानिटकर आत येऊन बसला. गुड्डीने दाराकडे पाहिलं. ओठ थरथरले. आता भोकाड पसरणार, म्हणून मी तिच्या आईला खूण केली.

मग गुड्डीने कानिटकरकडे पाहिलं. नियमाप्रमाणे तो गप्प होता. हात गुडघ्यांवर, मान खाली.

ती उठली. हातातलं अर्धं खाल्लेलं बिस्किट तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवलं, त्याला अगदी चिकटून बसली आणि म्हणाली,

"रोना नहीं, अंकल. तुम्हारी मम्मी भी आ जाएगी."