कुलदेवीच्या टाकाचा फोटो

बायको गेल्यावर देव्हाऱ्याकडे माझं लक्ष राहिलं नाही, हे खरंच. गावाहून थोरल्या भावाचा फोन आला, "घरमा बाई नही, देवले उपाशी कसाले ठेवस? सोमवारले येस, टाक लई जास." तो टाक गावी नेणार, याला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

टाक म्हणजे आमच्या कुलदेवीची मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, दोन बोटं रुंद. त्याला रोज हळदकुंकू वाहायची ती. तो जाण्याआधी, तिच्या पूजेतला वाटेल असा त्याचा एक फोटो मला हवा होता. पण मोबाइलमध्ये चांदी एकदा काळी यायची, एकदा नुसती चमकायची, आणि मध्ये माझंच टक्कल.

म्हणून रविवारी दुपारी साड्यांचा रिकामा खोका घेतला. दोन्ही बाजूंना आणि वर खिडक्या कापून पातळ पांढरं कापड चिकटवलं. आत पांढरा कागद मागून वळवून सोडला. बाहेरून दोन दिवे. एक डब्यावर ठेवला, दुसरा हातात. मग मोबाइल कोणी धरायचा? ती असती तर "हे काय नवीन खूळ" म्हणत तिनंच दिवा धरला असता. आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, पण हाक मारावी असं कोणी सुचेना. फार एकटं वाटलं. शेवटी दुसरा दिवा खुर्चीला बांधला.

उजेड मात्र झकास पडला, सावलीचं नाव नाही. मिलमधलं चेकिंगचं टेबलच जणू. त्या टेबलावर माझा जन्म गेला. काचेखाली ट्यूबलाइट, वरून सरकणारं कापड, आणि डाग दिसला की घासून काढायचा, नाहीतर माल सेकंडमध्ये, कमी भावात.

पहिल्या चार फोटोंत देवीच्या कपाळाच्या खाचेत तांबडा ठिपका दिसला. जित्याची खोड! जुना टूथब्रश आणि पावडर घेऊन टाक लख्ख घासला. मग जो फोटो आला त्यात खोट काढायला जागा नव्हती. आधीचे चारही खोडले, मोबाइलच्या कचऱ्यातूनसुद्धा.

ब्रश धुताना पाणी तांबूस झालं आणि मी नळ चालू ठेवूनच उभा राहिलो. ते कुंकू तिच्या बोटाचं होतं. ती गेल्यापासून देवीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

सोमवारी भाऊ आला. खिडकीपाशी जाऊन त्यानं टाक उलटसुलट पाहिला.

"एक बी डाग नही रे!" तो खूश होऊन म्हणाला.

मी टाक नीट आत जावा म्हणून त्याच्या पिशवीचं तोंड धरून उभा राहिलो.