वरच्या तळ्यापाशी

त्या वर्षी ब्रिटनमध्ये बाहेरच्या देशांतून आलेल्या डॉक्टरांसाठीचे नियम बदलले आणि नवऱ्याचे अर्ज एकामागून एक परत यायला लागले. आम्ही दोघं नागपूरच्या एकाच मेडिकल कॉलेजातले. वेल्समधल्या कार्डिफला आल्यावर मला लवकर ट्रेनिंगची जागा मिळाली. त्याला सर्जरीच हवी होती, म्हणून तो थांबला आणि अडकला. मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा स्वयंपाक झालेला असायचा, घर लख्ख असायचं. बोलणं तेवढं नसायचं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर्ड वेल्श गृहस्थ राहायचे. ते त्याला ओढ्या-तळ्यांवर ट्राउट मासे धरायला न्यायला लागले. पिसांची खोटी माशी गळाला बांधायची आणि ती पाण्यावर अलगद टाकायची, हे तो पटकन शिकला. मला वाटलं, चला, निदान घराबाहेर तरी पडतोय. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला तोच म्हणाला की उत्तरेकडच्या डोंगरात जाऊ, शेजाऱ्यांनी नकाशावर दोन तळी दाखवली आहेत. तिथे चालतच जावं लागतं, म्हणून टेंट आणि गळाची रॉड त्यांच्याकडूनच घेतली.

खालच्या तळ्यावर काही लागलं नाही. सॅक पाठीला काचत होती, पायाखाली सगळी दलदल. तो पुढे आणि मी मागे, अशी आम्ही वरच्या तळ्यापर्यंतची चढण चढलो. संध्याकाळी तिथे त्याच्या गळाला एक ट्राउट लागला. हातभर वगैरे नाही, वीतभरच, अंगावर लाल ठिपके. त्याने दगडाने एकाच फटक्यात तो मारला, पोट चिरलं आणि आतलं सगळं बोटाने सोडवून खडकावर मांडलं. कितीतरी महिन्यांनी मी त्याचे हात असे काम करताना बघत होते. हे लिव्हर, हा स्विम ब्लॅडर, तरंगायची हवेची पिशवी, असं तो मला दाखवत गेला, कॉलेजात डिसेक्शनला दाखवायचा तसं. मग मध्येच थांबला, चाकू पुसला आणि स्टोव्ह पेटवायला गेला. मासा आम्ही मीठ लावून भाजला. चव मला आठवत नाही.

सकाळी जाग आली तर तो टेंटमध्ये नव्हता. बाहेर इतकं धुकं की तळंसुद्धा दिसेना. हाका मारल्या. उत्तर नाही. काठाकाठाने चालत गेले, तर एका खडकावर रॉड ठेवलेली आणि शेजारी त्याचं जॅकेट, नीट घडी केलेलं. मी डॉक्टर आहे. घडी घातलेल्या कपड्यांचा अर्थ काय असू शकतो हे मला वॉर्डात शिकायला मिळालं होतं. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्याचं नाव घेऊन ओरडत राहिले. पाणी इतकं गार होतं की पाय बधिर झाले.

तो पलीकडून, ओढ्याच्या बाजूने आला. मला पाण्यात बघून धावला आणि दंडाला धरून बाहेर काढलं.

"जॅकेट का काढलंस?" मी विचारलं.

"चालताना उकडत होतं."

त्या थंडीत. त्याने स्वतःचे कोरडे मोजे मला घातले आणि खाली मान घालूनच म्हणाला, "मी परत जाणार आहे. नागपूरला."

"आपण जाऊ," मी म्हटलं.

"आपण नाही. तुझं ट्रेनिंग चाललंय. मी जातो."

मी खूप रडले. त्याने समजूत घातली नाही, उठूनही गेला नाही. धुकं विरळ झाल्यावर आम्ही टेंट आवरला आणि उतरायला लागलो. वाटेत मी त्याला एवढंच म्हटलं की तू जा, पण रोज फोन करायचा, काही बोलायचं नसेल तरी करायचा. त्याने मान डोलावली.

तो सप्टेंबरमध्ये गेला. फोन रोज यायचा. बरेचदा आम्ही नुसते एकमेकांच्या घरातले आवाज ऐकत बसायचो. तिथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात तो ऑपरेशनं करायला लागला, तसा हळूहळू पेशंटबद्दल बोलू लागला. काही वर्षांनी मी ट्रेनिंग संपवून नागपूरला परतले तेव्हा एअरपोर्टवर तो मला न्यायला आला होता. जाडा झाला होता. एकत्र राहायची पुन्हा सवय व्हायला आम्हाला बराच काळ लागला.