शनवार तेल्यांच्या सिनेगॉगमध्ये बाबा

पिपरी मेघ्यातल्या आमच्या शेजारीणबाई मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. सेवाग्रामला नर्सची नोकरी केली, रिटायर होऊन इथंच राहिल्या. एकदा चहा पिताना त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणात लागले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार आमचा विश्रांतीचा वार म्हणून त्या दिवशी बंद ठेवायचे. म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत."

आम्ही जातीचे तेली. बाबांनी कप खाली ठेवला. "तुमी त आमच्यातल्याच निंगाल्या! इतके वर्ष सांगतलं काऊन नाई?"

त्या दिवसापासून बाबा बाईंच्या माहेरचे झाले. गेल्या हिवाळ्यात बाईंचा भाऊ इस्रायलहून आला आणि त्याने त्यांच्या अलिबागकडच्या गावी, सिनेगॉगमध्ये म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, प्रार्थना ठेवली. बाबा न बोलावता तयार. सोबत मी, बॅगा उचलायला.

सिनेगॉग म्हणजे निळ्या भिंतींची कौलारू इमारत. घाणा सोडून इंग्रजांच्या पलटणीत गेलेल्यांनी पगारातून वर्गणी काढून बांधलेली. आत मूर्ती नाही, फोटो नाही. बाबा थेट समोरच्या कपाटाचा पडदा सारायला निघाले.

"देव कुठं ठेवला?"

"भाऊ, तिथं ग्रंथ आहे. हात लावू नका," बाई ओरडल्या.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जमले नऊ. दहाव्याची गाडी घाटात बंद पडलेली. बाई चिडल्या, "मी याच गावात जन्मले, पण मला धरत नाहीत."

बाबांनी टोपी नीट केली. "मले धरा. मी बी तेलीच हाय."

सगळे पोट धरून हसले. बाईंच्या भावाने बाबांना पुढच्या बाकावर बसवलं; धरलं मात्र नाही. दहावा दुपारी उगवला. प्रार्थना हिब्रूत झाली, बाबा वऱ्हाडीत घोरले.

मग मलिदा आला. आमच्याकडे मलिदा साहेब लोक टेबलाखालून खातात. इथं तो ताटात होता, गोड पोहे, खोबरं, फळं. खाता खाता बाबांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

"एवढे लोक कोनं हाकलले?"

"कुणीच नाही. इस्रायल झाल्यावर आपणहून गेले. आधी मुलं, मग त्यांच्यामागे आईबाप." बाई म्हणाल्या.

 बाबा म्हणाले, "आमच्या गल्लीतले पुण्याले गेले, तसंच."

आणि बाईंच्या ताटातलं केळं उचललं.